खुर्च्या, पोती आणि चार पेनं

हॉस्टेलला माझ्या कॉटच्या वर भिंतीत एक खिळा होता आणि त्याला सात बॅज अडकवलेले होते. सगळे 'स्वयंसेवक'चे, त्यातल्या एकावर छापणाऱ्याच्या कृपेनं 'स्वंयसेवक'. मी ते मेडल असल्यासारखे जपलेले, पण खरं सांगायचं तर त्यातल्या पाच कार्यक्रमांत मी खुर्च्या मांडल्या आणि पाहुणे बसणार त्या पहिल्या रांगेवर पांढरे टॉवेल टाकले, बास. पाहुणे आले, दिवा लावला, भाषणं झाली, पाहुणे गेले, आम्ही परत खुर्च्या उचलल्या. संध्याकाळी एक वडापाव आणि एक बॅज.

आता हे आठवायचं कारण म्हणजे माझी मावसबहीण. यंदा ती कोल्हापूरला बीएस्सीला आली आणि जुलैमध्ये तिचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, की ताई इथं एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आहे, एनसीसी आहे, कल्चरल आहे, कसलातरी ग्रीन क्लब पण आहे, सगळे म्हणतात एनएसएस घे क्रेडिट फिक्स मिळतात, तर मी काय घेऊ? मी म्हटलं सविस्तर सांगते. आणि मग माझं नेहमीचं, नोव्हेंबर उजाडला. तर आता सांगतेच, तिला पण आणि ज्या कुणाला पहिल्या वर्षाला हाच प्रश्न पडलाय त्यांना पण. मी २०१७ ते २०२० कोल्हापुरात होते, कॉलेजचं नाव सांगत नाही कारण पुढं थोडी तक्रार पण आहे.

आधी एनएसएसचं बोलू. आमच्या वेळी पोरं ग्रेस मार्कांसाठी यायची, आता नवीन शैक्षणिक धोरणात ते क्रेडिटच्या खात्यात गेलंय, सरकारच्या माय भारत पोर्टलवर नोंदणी वगैरे पण सुरू झालीय, म्हणजे कारण बदललं पण लाइन तेवढीच. मला त्यात काही चूक वाटत नाही बरं का, कोण कशासाठी का येईना, एकदा आत आलं की काय होईल सांगता येत नाही. ही योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत, साधारण ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन. बॅजवर ते जे चाक असतं ना ते कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, थोडक्यात चोवीस तास तयार राहा. आम्ही तयार असायचो ते सकाळी साडेदहाच्या नाश्त्याला.

हिशोब असा की दोन वर्षांत २४० तास, वर्षाला १२०, आणि वर एक सात दिवसांचं निवासी शिबिर. १२० तास ऐकायला लई वाटतात पण कॉलेज भरतं ते तीसेक आठवडे, म्हणजे आठवड्याला चार तास. एवढं खरंच नियमित केलं तर केवढं तरी काम होईल. होतं काय, तर २४ सप्टेंबरला एनएसएस दिन, २ ऑक्टोबरला झाडू, १ डिसेंबरला एड्सची रॅली, २६ जानेवारीला परेड बघायला उभं राहणं आणि मग मार्चमध्ये सगळ्यांनी एका खोलीत बसून एकमेकांच्या डायरीत बघून तास भरायचे. 'वृक्षारोपण – ४ तास'. चार तासांत आम्ही किती झाडं लावली? एक. ते पण पाहुण्यांनी लावलं, आम्ही खड्डा काढला. आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात परत दुसरं झाड.

एकदा तर कुणा मोठ्या पाहुण्यांच्या स्वागताला म्हणून आम्हाला तीन तास उन्हात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं केलं होतं, हातात फुलांच्या पाकळ्या. पाकळ्या हातातच सुकल्या, गाडी काच खाली न करता गेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा सरांना विचारलं, सर हे सेवेत कुठं बसतं? सर बिचारे काही बोलले नाहीत, त्यांनाही वरून आदेश असणार. पण तुम्हाला सांगते, असल्या कामाला 'नाही' म्हणता येतं. आमच्यातल्या दोघी त्यानंतर असल्या दिवशी सरळ लायब्ररीत जाऊन बसायच्या, कुणी काही वाकडं केलं नाही.

शिबिर मात्र चुकवू नका. सात दिवस, पन्नास पोरंपोरी, गावातल्या शाळेत मुक्काम, पहाटे पाचला उठून थंड पाण्यानं अंघोळ, प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक (ज्यात अर्धी जनता डोळे उघडे ठेवून झोपते, ही कला तिथंच शिकले), संध्याकाळी घरोघरी सर्व्हे आणि रात्री करमणूक. स्वयंपाकाचे गट पाडतात. आमच्या गटानं पहिल्या दिवशी पन्नास जणांचा भात केला तो खाली करपलेला, मधे कच्चा आणि वर बरा. शंभर भाकऱ्या थापायला मात्र गावातल्या बायका मदतीला आल्या आणि आमच्यातल्या ज्या मुलांनी आयुष्यात कधी पीठ मळलं नव्हतं त्यांना त्यांनी असं काही कामाला लावलं की विचारू नका.

आमचं गाव पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला होतं आणि काम होतं ओढ्यावर वनराई बंधारा घालायचं. माहीत नसेल त्यांना सांगते, सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, त्यात माती नाहीतर वाळू भरायची आणि ओढ्याची धार बारीक झाली की ती आडवी रचायची, म्हणजे वाहून जाणारं पाणी दोन-तीन महिने अडतं, आजूबाजूच्या विहिरींना जरा पाझर राहतो, जनावरांना प्यायला होतं. खर्च जवळपास शून्य, लागतात ते हात. पहिल्या दिवशी आमचा जोश बघण्यासारखा. बॅनर लावला, फोटो झाले, पोती भरून तोंडं मुरगाळून रचायला सुरुवात. काठावर एक आज्जी म्हैस घेऊन उभी होती, ती बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, "पोरांनो, तोंडं शिवणार न्हाईसा व्हय? नुसतं मुरगाळून ठेवलासा तर पाणी माती वढून न्हेतंय आन् रिकामी पोती तुमच्या हातात येत्यात." आमच्याकडं दाभण नाही, सुतळी नाही. आज्जीनं घरून दोन दाभणं आणि सुतळीचा गुंडा आणला आणि काठावर बसून आम्हाला पोती शिवायला शिकवलं. दुसरी गोष्ट तिनंच सांगितली, की विटा रचतात तशी सांधा मोडून रचा, एकावर एक सरळ थप्पी लावू नका. केमिस्ट्रीची पोरं आम्ही, आमच्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी पाणी थांबलं. गुडघाभर. मला अजून तो ओढा आठवतो, त्याच्यात सगळ्या पोरांनी उड्या मारल्या आणि सर ओरडत होते की बंधारा फुटेल.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. शिबिर संपलं, समारोप झाला, प्रमाणपत्रं मिळाली. फेब्रुवारीत कुणीतरी म्हटलं जाऊन बघून येऊया का बंधारा टिकलाय का. पन्नासातले सहा जण गेलो, एसटीनं, आपापल्या पैशानं. बंधारा अर्धा होता, एका कडेनं खचलेला, आम्ही सहा जणांनी आणि गावातल्या चार पोरांनी दुपारभर बसून ती कड परत भरली. त्या दिवसाचे तास कुठल्याच डायरीत नाहीत. आज्जीनं मात्र ओळखलं, म्हणाली, "परत आलासा? कॉलेजवाली कवा परत येत न्हाईत." त्या सर्व्हेबद्दल पण गावात हेच ऐकलं. दरवर्षी कुठलं ना कुठलं कॉलेज येतं, संडास आहे का, गॅस आहे का, शिक्षण किती हे विचारून कागद भरून घेऊन जातं, पुढं त्या कागदाचं काय होतं ते कुणाला माहीत नाही. एका काकांनी तर आम्हाला सगळी उत्तरं प्रश्न विचारायच्या आधीच ओळीनं सांगितली, पाठच झालेली त्यांना.

रक्तदानाचं थोडक्यात, कारण त्यात माझी फजिती आहे. सेकंड इयरला कॉलेजात शिबिर होतं, मी मोठ्या ऐटीत पहिल्या दहांत नंबर लावला. वय १८ पाहिजे, होतं. वजन ४५ किलो पाहिजे, कसंबसं होतं. हिमोग्लोबिन १२.५ पाहिजे, माझं निघालं १०.८. डॉक्टर मॅडम म्हणाल्या बाळ तू देऊ नको, तूच काहीतरी खा. आणि मी एकटी नव्हते, माझ्या मागं-पुढं उभ्या असलेल्या पाच पोरी तशाच परत. त्या दिवशी मला बिस्किट-कॉफीच्या टेबलवर बसवलं आणि तिथं कळलं की शिबिरातलं खरं काम त्याच टेबलवर असतं. रक्त देऊन पोरगं उठतं, मित्रांसमोर हिरो बनून लगेच चालायला लागतं आणि दाराशी जाऊन धाडकन पडतं. दहा-पंधरा मिनिटं त्याला बोलत बसवून ठेवणारं कुणीतरी लागतं, बास. मी त्या दिवशी लोकांना त्यांच्या गावाची नावं विचारून विचारून बसवून ठेवलं.

नंतर आम्ही त्या परत आलेल्या पोरींनी मिळून मॅडमना म्हटलं की रक्तदानाऐवजी एकदा नुसती हिमोग्लोबिन तपासणी ठेवा ना हॉस्टेलवर. ठेवली. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, जेवणावर लगेच चहा पिऊ नका हे कळलं (आम्ही सगळ्या जेवणावर चहा पिणाऱ्या), मेसमधे शेंगदाणे-गूळ सुरू करायला भांडलो. ते भांडण आठ महिने चाललं. मेस कमिटी नावाचा एक प्रकार असतो हॉस्टेलवर, त्यात कुणी जायला तयार नसतं कारण सगळ्या शिव्या तिथं येतात, पण तुम्हाला खरंच काही बदलायचं असेल तर ग्रीन क्लबच्या आधी तिथं जा असं माझं मत. आमटी पातळ का होते हे शोधून काढताना जेवढा कारभार समजतो तेवढा कुठल्या युवा संसदेत समजत नाही.

मग आलं २०१९. ऑगस्टचा पहिला आठवडा. कोल्हापूरकरांना सांगायला नको. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही आणि चहूकडं पाणी असून नळाला पाणी नाही कारण उपसा करायची पंपिंग स्टेशनंच बुडालेली. आमच्या पोरांना काही करायला सांगावं लागलं नाही, जो तो निघाला. मी पहिले चार दिवस एका निवारा केंद्रात होते आणि तिथं मला नेमलं होतं कपड्यांच्या ढिगावर.

ढीग म्हणजे ढीगच. अख्ख्या महाराष्ट्रातून टेम्पो येत होते, लोकांनी मनापासून पाठवलेलं, त्याबद्दल वाद नाही, पण काय काय पाठवलं होतं ते मी बघितलंय. फाटके ब्लाऊज, एकाच पायाचे मोजे, कुणाचा तरी लग्नातला कोट. पुराच्या पाण्यातनं नेसत्या साडीनिशी निघालेली बाई त्या ढिगासमोर उभी राहायची आणि काहीच न घेता परत जायची. तिला लागायचे सॅनिटरी पॅड, नवीन आतले कपडे आणि चप्पल, आणि ते मागायला तिला लाज वाटायची, त्यात टेबलवर पोरगे बसलेले. तिसऱ्या दिवशी आम्ही पोरींनी एक वेगळी खोली केली, दाराला चादर लावली, आत आम्ही दोघी, एकेकीला आत घ्यायचं, काय पाहिजे विचारायचं, काळ्या पिशवीत घालून द्यायचं. सगळ्या केंद्रात सगळ्यात जास्त रांग त्या खोलीला लागली.

पाणी ओसरल्यावर शिरोळ तालुक्यात गेलो, घरं साफ करायला. हे काम शिकावं लागतं. चिखल ओला आहे तोवर पाणी मारत मारत ढकलून काढायचा, एकदा वाळला की सिमेंट होतो, मग टिकावानं फोडावा लागतो. विजेच्या बटणांना हात लावायचा नाही. पायात गमबूट, जखम असेल तर चिखलात उतरायचंच नाही, आणि आरोग्यवाले लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातनं होणाऱ्या तापाच्या) गोळ्या देतील त्या नखरे न करता घ्यायच्या. एका घरातल्या मावशीनं आम्हाला दारातच अडवलं, कारण आमच्या आधी कुणीतरी येऊन तिच्या घराचे फोटो काढून गेलेलं, काम न करता. म्हणाली, "फोटू काढायचा असंल तर आधी घमेलं उचला." मोबाईल पिशवीत टाकले आणि घमेली उचलली. संध्याकाळी तिनं आतनं एक ट्रंक आणली, तिच्यात रेशन कार्ड, सातबारे, पोरीची दहावीची मार्कलिस्ट आणि लग्नाचा अल्बम, सगळं चिकटून एक झालेलं. मी आणि एक बारका पोरगा, एफवायचा, रात्री आठपर्यंत एकेक कागद सुटा करून वर्तमानपत्रात घालत होतो. अल्बम नाही वाचला. सातबारा वाचला.

आता खरं ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. वर पुराचं आधी सांगितलं पण हे त्याच वर्षी एप्रिलमधलं, पुराच्या चार महिने आधीचं. सेकंड इयरच्या परीक्षेच्या आधी एका रात्री नऊ वाजता आमच्या मजल्यावर एक मुलगी आली आणि म्हणाली कुणी उद्या रायटर म्हणून बसेल का, आमच्या ताईचा एमए इतिहासाचा पेपर आहे, तिला दिसत नाही, आणि जी बसणार होती ती जोतिबाच्या यात्रेला घरी गेली, फोन बंद. खोलीत आम्ही चौघी होतो. सगळ्या एकमेकींकडं बघत होत्या. माझा पेपर परवा होता. मी हो म्हटलं, आणि खोटं कशाला बोलू, मोठेपणा म्हणून नाही, ती मुलगी दारातनं हलेना म्हणून.

रायटर म्हणजे लेखनिक. ज्यांना दिसत नाही किंवा हातानं लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं आणि आपण लिहायचं. तेव्हा यासाठी केंद्र सरकारच्या २०१८च्या सूचना होत्या. परीक्षार्थीनं स्वतःचा रायटर आणला तर तो एक पायरी खालच्या शिक्षणाचा पाहिजे होता, तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळायला पाहिजे होता म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा व्हायचा, आणि रायटरला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटायची मुभा पाहिजे होती. आम्हाला दोन दिवस कुठले, आम्ही भेटलो पेपरच्या आधी अर्धा तास, व्हरांड्यात. मी जाऊन म्हटलं, "ताई, मी आलो." आमच्याकडं बायका पण आलो-गेलोच म्हणतात, कोल्हापुराबाहेरच्यांना ते कळत नाही. ताई परभणीकडची. ती हसायलाच लागली, म्हणाली, "आवाज पोरीचा आणि आलो म्हणतेय, नक्की कोण आलंय?" माझं सगळं टेन्शन तिथंच गेलं.

मग तिनं मला पाच मिनिटांत कामाचं शिकवलं. प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचून दाखव, मार्कांसकट, घाई न करता. मी सांगते तेच लिही, तुझ्या मनाचं वाक्य घालू नको, मला चुकीचं येत असेल तर चुकीचंच लिही. नवा परिच्छेद मी सांगेन. अर्ध्या तासानं वेळ सांग. आणि प्रत्येक उत्तर झालं की परत वाच.

या शेवटच्या गोष्टीनं वाचवलं. एक प्रश्न राजर्षी शाहू महाराजांवर होता. ताई अशी सांगत होती जसं काही समोर पुस्तक उघडं आहे, १९०१ची व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग पुढची एकेक समाजाची वसतिगृहं, मग २६ जुलै १९०२चा ५० टक्के जागा राखीव ठेवण्याचा जाहीरनामा. मी नऊ वर्षं शाहू जयंतीला भाषणं ऐकलेली मुलगी, मला वाटलं मला सगळं माहीत आहे, आणि हातानं लिहिलं १९०१. परत वाचताना ताई म्हणाली थांब, किती? मी म्हटलं १९०१. तिनं शांतपणे सांगितलं, "बोर्डिंग १९०१, जाहीरनामा १९०२. खोड." मला एवढी लाज वाटली. माझ्या हातनं तिचा मार्क जाणार होता आणि तिला ते कधी कळलंही नसतं.

चार तास लिहून हाताचं काय होतं ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी माझा फिजिकल केमिस्ट्रीचा पेपर, तो पास झाले एवढंच. पण उरलेले तिन्ही पेपर मीच बसले. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की वृक्षारोपणाला पन्नासातले दहा आले नाहीत तरी झाड लागतं, बंधाऱ्यावर एक हात कमी पडला तरी चालतं, पण इथं मी सकाळी उठले नाही तर एक माणूस दोन वर्षं अभ्यास करून दारात उभं राहतं आणि पेपर कोरा. ती यात्रेला गेलेली मुलगी वाईट नव्हती हो. तिलाही हे बाकीच्या बॅजसारखंच एक काम वाटलं असणार.

परीक्षा झाल्यावर ताईनं विचारलं, पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देशील का. इथं मला एक नवीनच दुनिया कळली. फोनमधला टॉकबॅक, कॉम्प्युटरवरचं एनव्हीडीए, हे सॉफ्टवेअर मजकूर वाचून दाखवतात, पण मजकूर खरोखरचा मजकूर पाहिजे. आपण झेरॉक्सवाल्याकडनं स्कॅन करून पीडीएफ फिरवतो ना ग्रुपवर, ते त्यांच्यासाठी नुसतं चित्र. आणि श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फाँटमधे टाइप केलेल्या नोट्स उघडल्या की सॉफ्टवेअर इंग्रजी अक्षरांचा काहीतरी कचरा वाचत बसतं. युनिकोडमधे (आपण मोबाईलवर मराठी टाइप करतो ते) असेल तरच मराठी ऐकू येतं. म्हणजे तुमच्याकडं फोन असेल आणि मराठी टाइप करता येत असेल तर एखाद्या प्रकरणाचं स्कॅन ओसीआरमधनं (हे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून देतं) काढून चुका दुरुस्त करून द्या, खोलीत बसून होणारं काम आहे, कुणी खुर्च्या मांडायला सांगणार नाही.

रेकॉर्डिंगचं पण तंत्र आहे. पंखा बंद. पान नंबर सांगायचा. तळटीप आली तर 'तळटीप सुरू', 'तळटीप संपली'. नाटकात बोलल्यासारखं वाचायचं नाही. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमधे मागं कुणीतरी बादली आपटतंय, पाणी आलं पाणी आलं म्हणून आरडाओरडा, आणि ताईचा उलटा मेसेज, "प्रकरण समजलं, तुमच्याकडं पाणी किती वाजता येतं ते पण समजलं." आम्ही नऊ जणींनी ग्रुप केला होता, महिन्यात चार राहिल्या. चौघींनी दोन वर्षांत अकरा पुस्तकं वाचली. आणि मला तोवर हे पण माहीत नव्हतं की न दिसणाऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला मदत करायची तर त्याचा हात धरून ओढायचं नसतं, आपलं कोपर पुढं करायचं, ते धरतात आणि आपण अर्धं पाऊल पुढं चालतो.

बाकीचं भराभर. एनसीसी शिस्त आवडत असेल तरच, पहाटेच्या परेडचं कौतुक आठवडाभर टिकतं. नाटक करा, पण बॅकस्टेज करा, एकांकिकेत लाइटवाल्या पोराइतका वक्तशीर माणूस मी बघितलेला नाही. आणि एक गोष्ट जी मला कॉलेज सुटल्यावर कळली, की लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी जी अंतर्गत समिती असते तिच्यात, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५च्या नियमांनुसार तीन विद्यार्थी प्रतिनिधी असायला पाहिजेत, आणि ते पण निवडून आलेले. तुमच्या कॉलेजात ते तिघं कोण आहेत हे ऑफिसात जाऊन विचारा एकदा. नुसतं विचारणं हे पण काम आहे, आमच्या वेळी कुणीच विचारलं नव्हतं.

तर मावसबहिणीला मी एवढं सगळं फोनवर सांगितलं, ती मधेच म्हणाली ताई मला सबमिशन आहे. म्हटलं बरं. एनएसएस घे, शिबिराला जा, दाभण घेऊन जा. आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचा कक्ष, काही ठिकाणी समान संधी केंद्र म्हणतात, तिथं जाऊन नाव आणि नंबर लिहून ये. ती हं हं करत होती. मला वाटलं विसरली असणार.

काल रात्री अकराला मेसेज. "ताई उद्या सकाळी एकीचा पेपर आहे एसवायचा, मी बसणारे लिहायला. पेनं किती नेऊ?"

मी लिहिलं, चार. सगळी निळी. पट्टी ने, घड्याळ ने, ओळखपत्र आणि कक्षाचं पत्र ने. साडेदहाचा पेपर असेल तर साडेनऊला पोच.

तिकडनं उत्तर, "आणि गेल्यावर काय करू?"

म्हटलं, जवळ जाऊन उभी राहू नको नुसती, तिला काय दिसणार आहे तू आलीस ते. तोंडानं सांग, मी आलो म्हणून.